पेटी तुम्ही भरलीत, पण उघडणार कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका गृहस्थांनी वर्षभर खपून गाडीच्या डिकीत अडीअडचणीसाठी एक मोठी पेटी तयार केली आहे. टॉर्च, दोर, प्रथमोपचाराचं सामान, पाणी, ब्लँकेट, हत्यारं, अगदी छोटा गॅस-स्टोव्हसुद्धा तीत आहे. घरात कोणालाच यात रस नाही. सामानाला जागा हवी म्हणून पत्नी पेटी उचलून घरात ठेवते. मुलगी नुकतीच एकटीने गाडी चालवायला लागली आहे, पण विषय काढला की ती उठून जाते. ते विचारतात, "यांना पटवू कसं? की हा नाद सोडून देऊ?"

सोडू नका. पण पटवायच्या मागेही लागू नका. मी एकोणीस वर्षं रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या सोडवण्याचं काम केलं, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. आता नव्या चालकांना शिकवतो. हा प्रश्न मला सतत विचारला जातो आणि विचारणाऱ्याची तळमळ खरी असते. तरी तुमच्या पत्रात एक गोष्ट मला पेटीपेक्षा महत्त्वाची वाटली: गाडी तुमच्या घरात तिघं चालवतात. म्हणजे गाडी अडेल तेव्हा तुम्ही तिथे नसाल, अशी शक्यता बरीच मोठी आहे. मग पेटी उघडणार कोण? खरा प्रश्न घरच्यांना रस नसण्याचा नाहीच. ज्यांना रस नाही त्यांच्याच हातात हे सामान पडणार आहे आणि पेटी मात्र तुमच्या हातांसाठी रचलेली आहे, ही अडचण आहे.

एक प्रसंग सांगतो. पावसाळी रात्र, भरधाव वाहतुकीचा रस्ता, मागचं चाक बसलेलं. गाडीत एक बाई आणि त्यांचा दहाएक वर्षांचा मुलगा. त्यांचे यजमान दुसऱ्या गावी होते आणि फोनवरून सांगत होते, "सगळं आहे गाडीत, डिकीच्या तळाशी बघ." खरंच सगळं होतं. पण ते स्टेपनीच्या खळग्यात, फळीखाली, आणि फळीवर प्रवासाचं सामान. बाईंनी चार बॅगा ओल्या कडेला काढून ठेवल्या होत्या. डब्याचं झाकण चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद केलेलं होतं, ते त्यांनी नखांनी सोलून काढलं. आतला टॉर्च सापडला, पण सेल गळू नयेत म्हणून ते काढून वेगळ्या पिशवीत ठेवलेले होते. मी पोचलो तेव्हा त्यांच्या एका हातात टॉर्च होता, दुसऱ्या हातात दोन सेल, आणि मुलगा भिजत त्यांच्या पदराला धरून उभा होता. कुठली बाजू कुठे घालायची ते अंधारात दिसत नव्हतं. फोनचा उजेड लावावा, तर कान आणि खांद्यात धरलेल्या फोनवर यजमान बोलत होते.

त्या यजमानांनी आळस केला नव्हता. सेल वेगळे ठेवण्यामागेही विचार होता. फक्त हे सामान आपल्याशिवाय दुसरं कोणी वापरेल, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

तेव्हापासून माझं माप एकच आहे. गाडीतल्या सर्वांत कमी रस असलेल्या माणसाला, अंधारात, कोणालाही फोन न करता, एका मिनिटात जे सापडतं आणि वापरता येतं, तेवढंच सामान गाडीत आहे असं धरायचं. बाकीचं नुसतं वजन. तुमची पेटी या मापाने मोजून बघा. बहुधा ती पाव हिश्श्यावर येईल, आणि पत्नीची जागेची तक्रारही त्याच वेळी निम्मी मिटेल.

काय ठेवायचं हे बऱ्याच अंशी तुमच्या परिस्थितीवर आहे, ते मला इथे बसून ठरवता येणार नाही. बर्फ पडणाऱ्या भागात ब्लँकेट आणि हातमोजे आधी येतात, कडक उन्हाच्या भागात पाणी आणि सावली. रोजचा रस्ता वस्तीतून जात असेल आणि फोनला रेंज असेल, तर मदत येईपर्यंत तग धरायची आहे. तासन् तास वस्ती लागत नसेल, तर स्वतःच गाडी हलवता यायला हवी. गाडीत तान्हं मूल असेल, किंवा कोणाला ठरावीक वेळी औषध लागत असेल, तर यादी पुन्हा बदलते. म्हणून दुसऱ्याची यादी जशीच्या तशी उचलू नका.

पत्नी पेटी बाहेर काढते यात एक गोष्ट बरोबरही आहे, आणि ती त्यांना मोकळेपणाने सांगा. मोकळी ठेवलेली जड पेटी धोक्याची असते. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असताना आदळली, तर आतली प्रत्येक सुटी वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते. हा वेग म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग. तीन मजल्यांवरून हत्यारांची पेटी खाली यावी, तसं. डिकी आणि मागची सीट यांच्यात पक्का आडोसा नसलेल्या गाडीत ती पेटी मागे बसलेल्या माणसाच्या दिशेनेच येणार. जे राहील ते सीटच्या पाठीला टेकून, डिकीतल्या कड्यांना पट्ट्याने आवळून ठेवा.

आणि काही गोष्टी गाडीतून काढाच. पहिला तो गॅस-स्टोव्ह. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तासाभरात तापमान बाहेरच्यापेक्षा सुमारे २० अंशांनी वर जातं आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. म्हणजे बाहेर ३५ अंश असेल तर आत ५५. गॅसच्या छोट्या डब्यांवर ५० अंशांच्या वर तापू देऊ नका, असं छापलेलं असतं. हीच गोष्ट पॉवर बँकेची आणि गोळ्या-औषधांची. बहुतेक औषधं २५ ते ३० अंशांच्या आत ठेवायची असतात. रोजची औषधं माणसाच्या पिशवीतून गाडीत यावीत आणि माणसाबरोबर परत जावीत. चिकटपट्टीच्या मलमपट्ट्याही उन्हाळ्यात निकामी होतात, त्या दरवर्षी बदला.

आता ठेवायचं कुठे. माझ्या अनुभवात ठेवण्याची जागा ही यादीपेक्षा जास्त कामाला येते. मी गाडीचे दोन भाग धरतो: बेल्ट लावून बसलेल्या चालकाचा हात पोचतो तेवढी जागा, आणि डिकी.

हाताच्या टप्प्यात पाच-सहा वस्तू पुरतात. डोक्याला बांधायचा टॉर्च, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. त्यात एकदाच वापरायचे लिथियमचे सेल घाला. साध्या अल्कलाइन सेलसारखे ते सहसा गळत नाहीत, थंडी-उन्हात टिकतात आणि वर्षानुवर्षं पडून राहिले तरी चालतात. सेल आतच राहू द्या आणि घरातल्या प्रत्येकाकडून तो एकदा चालू-बंद करवून घ्या. चमकणारं जॅकेट दाराच्या कप्प्यात. डिकीत ठेवलेलं जॅकेट घ्यायला जॅकेटशिवायच रस्त्यावर उतरावं लागतं. जर्मनीत २०१४ पासून गाडीत असं जॅकेट असणं कायद्यानेच सक्तीचं आहे, पण कायदा नसला तरी ते ठेवा. सगळ्यांच्या फोनला चालेल अशी चार्जिंगची वायर. एक कागद: विमा, मदतसेवा आणि घरचे नंबर, ठळक अक्षरांत. फोन बंद पडला की नंबर कोणालाच पाठ नसतात.

आणि लॉक नटचं सॉकेट. चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून काही गाड्यांना एकेक वेगळ्या घडणीचा नट असतो आणि तो फक्त त्या छोट्या सॉकेटनेच निघतो. ते सापडेना म्हणून मी अर्धा अर्धा तास गाड्या उलथ्यापालथ्या केल्या आहेत. एकदा ते गॉगलच्या डबीत निघालं. मालक म्हणाले, "हरवू नये म्हणून नीट ठेवलं होतं." ग्लोव्ह बॉक्समध्ये लाल कापडी पिशवीत ठेवा आणि सगळ्यांना दाखवा.

काच फोडायची हातोडी आणि बेल्ट कापायचं पातं तुमच्या पेटीत आहे असं तुम्ही लिहिलंय. डिकीत त्याचा शून्य उपयोग. गाडी पाण्यात गेली तर हाताशी मिनिटभर असतं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गिस्ब्रेख्त यांनी यावर प्रत्यक्ष गाड्या पाण्यात सोडून काम केलं आहे. त्यांचा क्रम सोपा आहे: फोन करत बसू नका, बेल्ट सोडा, काच खाली करा, आधी मुलांना बाहेर काढा आणि मग स्वतः निघा. हातोडी लागते ती काच खाली होत नसेल तेव्हा, म्हणून ती चालकाच्या जवळ पक्की बसवलेली हवी. अजून एक गोष्ट आजच बघा. हातोडीने फुटते ती टफन्ड काच, म्हणजे फुटली की बारीक तुकडे होणारी. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच तडकते, पण जागची हलत नाही. समोरची काच लॅमिनेटेड असतेच, पण हल्ली काही गाड्यांच्या बाजूच्या काचाही तशाच असतात. काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. कुठली काच फुटणारी आहे ते बघा आणि सगळ्यांना तीच सांगा.

डिकीत मोठ्या पेटीऐवजी शाळेच्या दप्तराएवढी एक भडक रंगाची पिशवी ठेवा. रंग महत्त्वाचा, कारण फोनवर "केशरी पिशवी" म्हटलं की काम होतं. रक्त थांबवायला जाड कापडी घड्या, रुंद बँडेज आणि हातमोजे. बारीकसारीक पंचवीस वस्तूंच्या डब्यापेक्षा ज्याला काही येत नाही त्यालाही घट्ट दाबून धरता येईल, अशी मोठी घडी जास्त उपयोगी. एक लोकरी पांघरूण. हवा भरायचा छोटा पंप. पाणी मात्र पिशवीत कोंडू नका. दोन बाटल्या गाडीच्या दाराच्या कप्प्यात ठेवा, घरच्यांना रोज त्यातलंच पिऊ द्या आणि आठवड्याला भरा. वापरातलं पाणी कधीच शिळं होत नाही.

जंपर केबलबद्दल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून आपली उतरलेली बॅटरी उठवायच्या लाल-काळ्या वायरींबद्दल, मतभेद आहेत. बॅटरी उठवायची स्वतंत्र पेटी हातात असेल तर दुसरी गाडी लागत नाही, हे खरं. पण ती दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज करावी लागते आणि उन्हात तिचं आयुष्य कमी होतं. ज्या घरात एकाच माणसाला रस आहे, तिथे मी केबलच सुचवतो. केबलला काही चार्ज करावं लागत नाही. तिच्या मुठीला क्रम लिहिलेली चिठ्ठी घट्ट चिकटवा: लाल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाजवळच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. हे शेवटचं टोक जोडताना ठिणगी उडते, आणि बॅटरीभोवती हायड्रोजन साचलेला असू शकतो. अंधारात, घाईत, हे कोणाच्याही लक्षात राहत नाही. चिठ्ठीच्या लक्षात राहतं. आणि तुमच्या गाडीच्या पुस्तकात जोडायच्या जागा वेगळ्या दिल्या असतील, तर चिठ्ठीवर त्याच लिहा.

इथपर्यंतचं एका दमात: पेटी बारीक करा, तापणारं आणि पेट घेणारं काढा, जड सामान बांधा, निकडीचं चालकाच्या हाताशी आणा, आणि प्रत्येक वस्तू तुमच्याशिवाय चालते का ते बघा.

आता माणसांकडे येतो.

मुलीला पेटीतल्या वस्तू शिकवायच्या आधी एक गोष्ट शिकवा, ती म्हणजे गाडीपासून लांब उभं राहायचं. भरधाव रस्त्यावर गाडी बंद पडली, तर चारही इंडिकेटर लावायचे, वाहतुकीपासून लांबच्या बाजूच्या दाराने उतरायचं, कठड्यापलीकडे जायचं आणि तिथून फोन करायचा. चाक बदलायचं नाही. मी या कामात असूनही वाहतुकीच्या बाजूचं चाक रस्त्यावर बदलायला नाखूश असायचो. लाल त्रिकोणाचंही तसंच. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २२ मीटर येते. त्रिकोण ४५ मीटर मागे ठेवला, तर मागच्याला दोन सेकंद मिळतात, आणि ते दोन सेकंद मिळवण्यासाठी तुमची मुलगी वाहतुकीच्या कडेने ४५ मीटर चालत जाणार. ब्रिटनचा हायवे कोड साध्या रस्त्यावर त्रिकोण किमान ४५ मीटर मागे ठेवा म्हणतो, पण मोटरवेवर तो मुळीच वापरू नका असंही सांगतो. स्पेनने तर १ जानेवारी २०२६ पासून त्रिकोणाच्या जागी गाडीच्या टपावर ठेवायचा लुकलुकणारा दिवा आणला आहे, कारण तो लावायला रस्त्यावर चालत जावं लागत नाही. तुमच्याकडचा नियम काय आहे ते पाहून घ्या, आणि जिथे मुभा असेल तिथे निर्णय तिच्यावर सोपवा.

चाक बदलणं तरीही शिकवा, पण सपाट, निवांत जागी, दिवसाउजेडी, एकदाच. तुम्ही हात मागे बांधून उभे राहा. ती बहुधा पहिल्याच नटापाशी अडेल, कारण दुकानात ते यंत्राने आवळलेले असतात आणि गाडीबरोबर येणारा पाना आखूड असतो. मग लांब दांड्याचा पाना का हवा, हे तुम्हाला सांगावंच लागणार नाही. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट सैल करायचे आणि मग जॅक लावायचा, हेही एकदा हाताने केलं की विसरत नाही. त्याच दिवशी स्टेपनीची हवा बघा. बारीक, तात्पुरत्या स्टेपनीला बहुधा ६० पीएसआय हवा लागते, नेहमीच्या चाकाच्या जवळजवळ दुप्पट, आणि तीवर ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचं नसतं. गाडीच्या तळाशी बिचारी वर्षानुवर्षं पडून तिची हवा गेलेली असते, आणि हे कळतं ते जॅक लावून झाल्यावर.

माझ्या पत्नीलाही या विषयात रस नव्हता. मी बरीच वर्षं तिला अपघातांच्या गोष्टी सांगितल्या आणि त्याचा परिणाम इतकाच झाला की ती ऐकेनाशी झाली. भीती घातली की माणूस विषयापासून दूर जातो. एकदा आमचीच गाडी चार तास अडकून पडली होती. त्यानंतर घरी आल्यावर मी तिला फक्त विचारलं, "तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?" मला वाटलं अंधाराचा म्हणेल. ती म्हणाली, "पायांचा. सँडल घालून चिखलात उभी होते. आणि लघवीला जायची सोय नव्हती, ते तुला सुचलंही नाही." माझ्या यादीत दोर होता, कुऱ्हाड होती. बुटांचा एक जुना जोड, टिश्यू पेपरचा रोल, आडोशाला एक जुनी चादर, हे नव्हतं.

त्या तीन वस्तू तिने स्वतः गाडीत ठेवल्या. मग पिशवी तिचीही झाली. सामानाची अडचण आली तरी तिने ती पिशवी पुन्हा कधी घरात काढून ठेवली नाही.

तेव्हा तुमच्या पत्नीला पेटी दाखवू नका, विचारा. मागच्या लांबच्या प्रवासात काय खटकलं, काय हाताशी असतं तर बरं झालं असतं. उत्तर किरकोळ वाटलं तरी तेच आधी पिशवीत घाला: केसांची क्लिप, ओले रुमाल, वाचायचा चष्मा. चष्मा तर आवर्जून, कारण त्याशिवाय केबलवरची चिठ्ठी वाचता येणार नाही. आणि त्यांना जे नकोच असेल, त्यावरून वाद घालू नका. तुमचा दोर आणि मोठी हत्यारं तुम्ही एकटे लांब जाल तेव्हा गाडीत चढवा, परत आल्यावर उतरवा.

हे बसवायला एक सुट्टीचा दिवस पुरेल. नंतर वर्षातून दोनदा, थंडीच्या आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, दहा मिनिटं द्या: टॉर्च लावून बघा, स्टेपनीची हवा बघा, मलमपट्ट्या बदला. तुमच्या गाडीला स्टेपनीच नसून पंक्चर भरायच्या द्रवाची बाटली असेल, तर तिच्यावरची मुदत बघा. काही वर्षांत तो द्रव निकामी होतो, आणि ताजा असला तरी तो टायरच्या तळातल्या बारीक भोकालाच पुरतो. टायरच्या कडेला चीर गेली असेल, तर तो उपयोगाचा नाही. तेव्हा पंप बाजूला ठेवून कठड्यापलीकडे उभं राहायचं आणि त्या कागदावरचा मदतसेवेचा नंबर लावायचा, हे मुलीला सांगून ठेवा.